सम हातावर पडली पाहिजे

मैफलीचा व्हिडिओ समोर आला की मी सगळ्यात आधी तबलजीचे हात बघते, गवयाचे ओठ नंतर. ख्यालात एकच ‘आ’कार कितीतरी वेळ चाललेला असतो, त्यामुळे वेगळा घेऊन बसवलेला आवाज चित्राशी जुळलाय की नाही ते ओठांवरून चटकन कळत नाही. हातावरून लगेच कळतं. समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा, ‘धा’ ऐकू येतो त्याच क्षणी तर्जनी चाटेवर (तबल्याच्या कडेवर) आणि डावी बोटं डग्ग्यावर दिसली पाहिजेत. ती दिसली नाहीत, तर चित्र कितीही देखणं असो, माझ्या लेखी ते काम अपुरं.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. माहेर मिरजेचं, तंबोरे आणि सतारी बनवणारं घर. जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारेदार झणकार, मनासारखी लागेपर्यंत वडील तीच तार पुन्हा पुन्हा छेडत बसायचे आणि आम्ही भावंडं त्याच नादात गृहपाठ करायचो. लग्नाचं शूटिंग हा माझा धंदा. गाण्याच्या बैठकी मी जिवाच्या ओढीने करते. मिरजेत तशाही त्या होतच असतात. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, पण त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात आजही गाणं होतं आणि माणसं मांडी घालून रात्र रात्र ऐकतात. या भागातली तबला शिकणारी मुलं हे व्हिडिओ पाहतात, बोलाचा निकास, म्हणजे तो बोटांनी कसा काढायचा ते, हातावरून टिपतात. आवाज पुढेमागे असेल तर त्यांच्या डोळ्यांत चुकीची गोष्ट बसते. म्हणून मी या कामाला इतकी चिकटून असते.

आवाज वेगळा का घ्यायचा, हे थोडक्यात सांगते. कॅमेरा मागे असतो. त्याच्या माइकवर पंखा, खोकला, शेजारच्या काकांची दाद आणि मग उरलंसुरलं गाणं येतं. म्हणून मंचाजवळ रेकॉर्डर ठेवायचा, गायक, तबला, पेटी यांचे माइक त्यात घ्यायचे आणि घरी येऊन हा आवाज चित्रावर बसवायचा. कॅमेऱ्याचा आवाजही चालू ठेवायचा. तो शेवटी कुणी ऐकणार नसतो, पण जुळवताना खूण म्हणून तोच लागतो.

चित्र आणि आवाज जुळवायची खूण म्हणून सिनेमावाले क्लॅप देतात. बैठकीत कलाकारासमोर जाऊन फळी आपटणं मला पटत नाही, आणि गरजही नसते. तबलजी साथीला बसला की हातोडीने तबला मेळवतो. एकेक घर ठोकून, चाट वाजवून बघतो. तो कोरडा, टोकदार ठोका वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, सरळ उभ्या रेघेसारखा दिसतो आणि हातोडी चित्रातही स्पष्ट दिसते. यापेक्षा चांगला क्लॅप कुठला? त्यासाठी पडदा उघडायच्या आधीपासून कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्ही चालू हवेत.

सॉफ्टवेअर हे काम आपोआप करतं. दोन्ही आवाजांचे आलेख एकमेकांवर सरकवून ते सगळ्यात जास्त कुठे जुळतात ते शोधतं. भाषणाला, नाटकाला उत्तम. शास्त्रीय गाण्यात मात्र त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नये. नुसत्या आलापीत तंबोऱ्याचा नाद सलग भरलेला असतो, त्यात पकडायला टोकच नसतं. तबला सोलोत तर वेगळीच गंमत. पेटीवर लेहरा चालू असतो, तेच स्वर त्याच लयीत आवर्तनामागून आवर्तन, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीत. सॉफ्टवेअर कधी कधी बरोबर एका आवर्तनाने घसरतं: लेहरा अगदी जुळलेला आणि हात मात्र मागच्या आवर्तनातला कायदा (तबल्याची बांधलेली रचना) वाजवतायत. आलेख बघून हे कळत नाही. हात बघावे लागतात.

आता खरा मुद्दा. सॉफ्टवेअरने अचूक जुळवलं, तरी ते कशाशी जुळवलं? कॅमेऱ्याने ऐकलेल्या आवाजाशी. आणि कॅमेऱ्याने तो उशिरा ऐकलेला असतो! आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. कॅमेरा मंचापासून १५ मीटरवर असेल तर थाप त्याच्यापर्यंत पोचायला ४४ मिलिसेकंद लागतात. प्रकाशाला जवळजवळ काहीच वेळ लागत नाही. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे सुरुवातच एका फ्रेमच्या फरकाने झाली. क्लोजअपमध्ये हात हातभर अंतरावर दिसतो आणि आवाज सभागृहाच्या टोकावरून आल्यासारखा वाटतो. म्हणून आपोआप जुळवून झाल्यावर मी मंचाचा आवाज तेवढा पुढे, म्हणजे लवकर, घेते. स्पीकर लावलेले असतील तर कॅमेऱ्यापासून जवळच्या स्पीकरचं अंतर धरायचं. पावलांनी मोजलं तरी पुरतं.

एवढ्याशा फरकाने काय होतं, असं लोक विचारतात. युरोपातल्या प्रसारणाच्या निकषात आवाज चित्राच्या ४० मिलिसेकंद आधी किंवा ६० मिलिसेकंद नंतर, इतकीच सूट आहे. उशिराची सूट जास्त, कारण वीज आधी आणि गडगडाट नंतर याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. बोलणाऱ्या माणसाला ही सूट चालून जाते. द्रुत त्रितालात मात्र मात्रेत चार बोल वाजत असतील आणि लय मिनिटाला २४० मात्रांची असेल, तर दोन बोलांमध्ये जेमतेम ६२ मिलिसेकंद असतात. तिथे ६० ची सूट म्हणजे हात एका बोलावर आणि कान दुसऱ्या बोलावर.

आमच्या ओळखीचे एक तबलजी काका आहेत. त्यांना मी आवाज बंद करून व्हिडिओ दाखवते. ते नुसते हात बघून बोल म्हणत जातात आणि समेला मांडीवर टाळी देतात. ते कुठे सम धरतात ते मी लिहून घेते आणि मग आवाज लावून पडताळते. अशी परीक्षा कुठल्याच यंत्राला देता येणार नाही.

सुरुवात जुळली तरी शेवट जुळेलच असं नाही. कॅमेऱ्याचं आणि रेकॉर्डरचं घड्याळ वेगवेगळ्या स्फटिकावर चालतं. दोघांत दशलक्षात ५० इतका फरक असेल तर तासाभरात १८० मिलिसेकंद, म्हणजे साडेचार फ्रेम सरकतात. म्हणून शेवटच्या तिहाईची (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याची) सम मी सुरुवातीइतकीच बारकाईने तपासते. फरक निघाला तर आवाज किंचित ताणावा किंवा आवळावा लागतो, आणि इथे माझा ठाम आग्रह आहे: सूर कायम ठेवून लांबी बदलणारा पर्याय वापरू नका. तो आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडतो आणि तंबोऱ्याची जवारी खरखरीत होते. माझ्या कानाला ते सोसवत नाही. त्यापेक्षा वेगच बदला. एवढ्या फरकाने सूर किती हलतो? पेटीवरच्या एका पट्टीचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तो कुणालाही ऐकू येत नाही.

रेकॉर्डर पहिल्यापासून ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या ४८ हजार नोंदींवर, ठेवा. ४४.१ वर घेतलेला आवाज चुकून ४८ समजून वाजवला गेला तर सगळं गाणं जवळजवळ दीड पट्टी चढतं. मोबाइलवर काढलेलं चित्र असेल तर ते आधी ठरावीक फ्रेमदरात बदलून घ्या, कारण मोबाइल अंधारात फ्रेमचा वेग आपल्या मनाने कमीजास्त करतो. बऱ्याच कॅमेऱ्यांची फाइल ४ जीबीला तुटते. प्रत्येक तुकडा हातावर पुन्हा तपासायचा. आणि एक कॅमेरा तरी असा लावा की पूर्ण मैफलभर तबलजीचे दोन्ही हात त्यात दिसत राहतील. गवई चौकटीत आले तरी चालेल, पण माइकचा स्टँड हातासमोर येऊ देऊ नका.