प्रवासाचे प्रयोजन : हरणाची शिकार

आम्हा सरकारी नोकरांना परदेशी जायला ऑफिसची ना-हरकत लागते. त्या अर्जात 'प्रवासाचे प्रयोजन' असा रकाना असतो. मी तिथं खरं ते लिहिलं : 'हरणाची शिकार व तंबूत मुक्काम'. त्या एका ओळीनं माझे २७ दिवस खाल्ले. हात जोडून सांगतो, 'नातेवाइकांची भेट' लिहा. माझ्या बाबतीत तेही खोटं नव्हतं, मावसभाऊ तिकडेच असतो.

तिकडे म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला. त्याच्याही खाली रकिउरा, म्हणजे स्टुअर्ट बेट. ब्लफहून बोटीनं तासभर. १९०५ मध्ये तिथं पांढऱ्या शेपटीची अमेरिकन हरणं आणून सोडली. त्या देशात वटवाघळं वगळता जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नाही, अन् ही हरणं जंगलातली कोवळी रोपं फस्त करतात. म्हणून सरकारच शिकारीचा परवाना देतं. भावानं तो काढला, ब्लॉक म्हणजे शिकारीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा धरला. माझा व्हिसाही आला.

अडलं ते आमच्या ऑफिसात. बाबूंनी अर्ज वाचून चष्मा कपाळावर सरकवला. "शिकार? पेंचच्या दारात राहून हे कागदावर लिहून देता, भाऊ?"

म्हटलं, १९७२ चा वन्यजीव कायदा भारतापुरता आहे.

"पण तुम्ही नोकर इथलेच ना, जी!"

यावर काय बोलणार? फाईल विधी शाखेत गेली. तिथले साहेब रजेवर. आठवड्यानं शेरा आला : 'शस्त्र परवान्याची प्रत जोडावी.' माझ्याकडे दिवाळीची टिकलीची बंदूकही नाही! तिकडच्या कायद्यानं परवानाधारक शेजारी उभा राहून लक्ष ठेवत असेल तर बिनपरवान्याच्या माणसाला बंदूक हाताळता येते. हे लेखी दिलं, तर 'इंग्रजी उताऱ्याचा मराठी अनुवाद जोडावा.' तोही रात्री बसून केला. मग स्टॅम्प पेपरवर हमीपत्र : भारताच्या हद्दीत कोणत्याही वन्य प्राण्याची शिकार करणार नाही. नोटरीनं ते दोनदा वाचलं आणि माझा आधार फोटो जरा जास्तच निरखला.

रागाच्या भरात रोज पहाटे पाचला नागपूरच्या फुटाळा तलावावर पाठीला १५ किलो तांदूळ बांधून चालायचो. एप्रिलचं ऊन, त्यामुळे सातच्या आत घरी. दम वाढला तो बाबूंच्या कृपेनं, एवढं मान्य करतो. रेनकोट मात्र आधीच घ्या. एप्रिलात बर्डीच्या बाजारात मागितला तर दुकानदार हसतो.

आणि बूट! रामटेकच्या ट्रेकची काळी माती तळव्यात सिमेंटसारखी बसली होती. दोन टूथब्रश झिजवले. तंबूच्या वेल्क्रोतली कुसळं चिमट्यानं एकेक उपटली. वापरलेले बूट-तंबू तिथल्या विमानतळावर जाहीर करावे लागतात, लपवाल तर जागेवर ४०० डॉलर दंड.

निघायला तीन दिवस उरले तेव्हा पत्र हातात पडलं. प्रयोजन : 'पर्यटन'. शिकार कुणी, कधी खोडली, फाईलवर नोंद नाही. बाबू पत्र देताना हळूच म्हणाले, "मटण कसं लागते ते सांगजा."

भावानं सावजी मसाला मागवलाय. सीलबंद पाकिटं घेतली आहेत, तीही जाहीर करणार आहे.