पाणी किती फुटावर?

सांगलीत येऊन मला सात आठवडे झाले, आणि परवाच्या शनिवार-रविवारी मी पहिल्यांदाच गाव सोडून कुठे गेले नाही. आधीच्या सुट्ट्या कधी नरसोबाच्या वाडीला, कधी कोल्हापूरला गेल्या. एकदा तर रजा जोडून थेट घरी, अकोल्याला गेले. महाराष्ट्र एक्सप्रेस सांगलीत बसवते आणि अकोल्याला उतरवते, त्यामुळे माझी बॅग कायम अर्धी भरलेलीच असायची. या वेळी ती रिकामी केली आणि माळ्यावर टाकली.

खालून घरमालकीण आज्जी म्हणाल्या, "वर टाकलीस ते बरं केलंस बाळ. पावसाळ्यात खालचं आपलं नसतंय."

गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, हे बोलणं रोजचं आहे. आमच्या जिन्याच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची 2005 च्या पुराची, वरची 2019 ची. वरची माझ्या डोक्यापाशी येते. सात आठवडे त्या रेघांजवळून मी चढउतार केली, पण थांबून हात लावला तो या शनिवारी.

सकाळी गणपतीला गेले. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी 1801 मध्ये मिरजेपासून वेगळं होऊन सांगलीचं संस्थान उभं केलं, त्यांनीच बांधायला घेतलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ. आतापर्यंत मी इथे पाहुण्यासारखी यायची: नमस्कार, प्रसाद, चपला. शनिवारी सभामंडपात मांडी घालून तासभर बसले. बाहेर पाऊस, आत दगडाचा गारवा. शेजारी एक आजोबा डोळे मिटून पुटपुटत होते. कुणी कुणाला उठवत नव्हतं.

तिथून मंडईत. कृष्णाकाठची वांगी घ्यायची होती, त्यांचं कौतुक ऑफिसात इतकं ऐकलं होतं की राहवलं नाही. वांगी घेतली आणि सवयीनं म्हणाले, "मावशी, दहाचा सांबार द्या."

"सांबार हाटेलात मिळतंय की ताई."

मी बोट दाखवलं. "ही व्हय! कोथमीर म्हना की." मग त्यांनी शेजारच्या बाईंना सांगितलं, "ह्यांच्याकडं हिला सांबार म्हंत्यात." दोघींनी तो शब्द एकेकदा म्हणून बघितला. आमच्याकडचा शब्द कुणी असा हातात घेऊन बघितलेला मला फार आवडलं. जुडीही जरा मोठीच आली.

वांग्याची भाजी मी आमच्या पद्धतीनं, काळ्या मसाल्याची करणार होते. आज्जींनी वाटी पुढे केली, "चटणी घाल ह्यातली." इथे चटणी म्हणजे ताटातलं तोंडीलावणं नव्हे, कांदा-लसूण घातलेलं वर्षाचं लाल तिखट. उन्हाळ्यात करून ठेवायची, नात्यागोत्यात डबे पाठवायचे. मी अर्धं आमचं घातलं, अर्धं त्यांचं. वांगी लोण्यासारखी शिजली. भाकरीबरोबर खाऊन दुपारी चारपर्यंत झोपले, कौलांवरच्या पावसाच्या आवाजात. सात आठवड्यांत अशी झोप लागली नव्हती.

रविवारी गाडी काढून हरिपूरला गेले. संगमेश्वराच्या देवळामागे कृष्णा आणि वारणा एकमेकींत मिसळतात. पाणी पायऱ्यांवर चढत होतं, भरपूर आणि मातकट. पण मला हरिपूरची ओढ होती ती हळदीच्या पेवांची. इथली माती अशी की वीसेक फूट खोल खड्डा खणला तरी त्यात ओल झिरपत नाही. तोंड अरुंद, पोट रुंद, रांजणासारखा आकार. त्यात हळद भरून तोंड लिंपून टाकायचं. ती वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकते. काढताना तोंड उघडून तास न् तास तसंच ठेवतात, आतली कोंडलेली हवा निघून गेली की मगच माणूस उतरतो. देशातल्या मोठ्या हळद बाजारांपैकी एक सांगलीत वाढला, त्याला या पेवांचा आधार होता. 2005 च्या पुरात नदी त्यांच्यात शिरली आणि कितीतरी पेवं कायमची गेली. ज्या नदीनं ही माती आणून दिली, तिनंच ही पेवं भरून टाकली. तिथल्या एका काकांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात नदीबद्दल राग नव्हता. घरातल्या थोरल्या बाईबद्दल बोलावं तसे ते बोलत होते.

मी वाढले त्या अकोल्यात उन्हाळाभर एकच प्रश्न असतो, नळ कधी येणार? चार दिवसांनी की सहा? आईचा सगळा आठवडा त्यावर बेतलेला. इथे जुलै उजाडला की प्रश्न असतो, पाणी किती फुटावर? चहावाला विचारतो, रिक्षावाला विचारतो, ऑफिसात फायली उघडण्याआधी तेच. कोयनेतून किती सोडलं, याचा हिशेब शाळकरी पोरांनाही येतो. पहिले काही आठवडे हे बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं. आता वाटतं, दोन्ही गावं पाण्याच्याच तालावर जगतात, फक्त ताल वेगळा.

संध्याकाळी भडंगाचा पुडा घेऊन आयर्विन पुलावर गेले. 1929 चा दगडी कमानींचा पूल. भडंग तिखट, लसणाचा खमंग वास, दाणे भरपूर. कठड्याला टेकून सांगलीकर उभे होते, सगळ्यांच्या नजरा खाली आकड्यांवर. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 ला ते 57 च्याही वर गेलं होतं. मी वाकून नीट बघितलं, एक ओळ पुन्हा मोजली. शेजारच्या दादांनी विचारलं, "किती दिसतंय?" मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि फोनवर घरी तोच आकडा कळवला.

येताना मंडईतून गेले. मावशी आवराआवर करत होत्या. लांबूनच हाक आली, "ओ ताई, सांबार ऱ्हायलाय बगा दोन जुड्या!"

घरी पोचले तेव्हा आज्जी अंधारात ओसरीवर बसल्या होत्या, वीज गेली होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मी चपला काढत होते.

"पुलावर गेलतीस?"

"हो आज्जी."

"किती?"

"बावीस."

"मग झोप निवांत," त्या म्हणाल्या, आणि दाराला कडी घातली.