एल्मिना : भाड्याच्या जमिनीवरचा किल्ला

घानाची राजधानी आक्राहून किनाऱ्यावरच्या एल्मिनाला ट्रोट्रोने, म्हणजे तिथल्या वडापने, गेले. गुडघे छातीशी घेऊन केलेल्या त्या प्रवासाविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. बेन्या खाडीवरचा पूल, त्याखाली रंगवलेल्या होड्यांची दाटी आणि पलीकडे चुन्याने पांढराशुभ्र केलेला किल्ला दिसला, तेव्हा शिणवटा गेला.

गुलाम म्हणून विकायच्या माणसांना या किल्ल्यात कोंडून ठेवत. त्यातील स्त्रियांच्या चौकात पाऊल ठेवताच मात्र अंगातले बळ सरले. वर गव्हर्नरचा सज्जा आहे आणि खाली दगडी फरशीवर एक लोखंडी गोळा आहे. सज्जातून गव्हर्नर खाली उभ्या केलेल्या बायकांतून एकीला निवडत असे, आणि जी नकार देई तिला या गोळ्याला साखळदंडाने बांधून उन्हात ठेवत असत, असे मार्गदर्शकाने सांगितले. डच लोकांचे प्रार्थनामंदिर वरच्याच मजल्यावर होते. आमच्या गटातील काही जण त्याच गोळ्याशेजारी हसत छायाचित्रे काढून घेत होते. मला ते सहन झाले नाही आणि मी तसे स्पष्ट बोलून दाखवले.

फेरी संपली तरी एक प्रश्न मनातून जाईना. या कथेत इथले लोक कैदी म्हणूनच येतात. मग इथले राजे आणि व्यापारी कुठे गेले? मार्गदर्शकाला हे विचारताच त्याचा चेहरा उजळला आणि तो मला तटाबाहेर घेऊन गेला.

पोर्तुगीज सरदार दिओगु द आझाम्बुजा 1482 मध्ये पोर्तुगालहून घडीव दगड जहाजांत भरून इथे उतरला, तेव्हा स्थानिक प्रमुख क्वामेना अन्सा याने त्याला लगेच जागा दिली नाही. अधूनमधून भेटणाऱ्या मित्रांचे प्रेम शेजाऱ्यांपेक्षा अधिक टिकते, अशा आशयाचे त्याचे उत्तर पोर्तुगीज बखरकाराने नोंदवून ठेवले आहे. पुढे परवानगी मिळाली. परंतु बांधकामासाठी गावकऱ्यांच्या पूजेतला खडक फोडला गेला तेव्हा हाणामारी झाली आणि पोर्तुगीजांना नजराणे देऊन समजूत काढावी लागली. सुरुवातीच्या काळात इथला मुख्य माल सोने हाच होता, आणि ते मिळवण्यासाठी पोर्तुगीज बेनिनकडच्या किनाऱ्यावरून माणसे विकत आणून इथल्या अकान लोकांतील व्यापाऱ्यांना विकत असत. घेणारे आणि विकणारे दोन्हीकडे होते, हे मान्य करताना जीव कासावीस होतो. पण ते गाळले तर इतिहास अर्धाच उरतो.

1637 मध्ये डचांनी समोरच्या टेकडीवर तोफा चढवून किल्ला जिंकला, तरी त्याखालची जमीन त्यांची झाली नाही. तिच्यासाठी ते आतल्या भागातील डेंकिरा राज्याच्या राजाला भाडे देत. 1701 मध्ये शेजारच्या असांते राज्याचा राजा ओसेई टुटू याने डेंकिराचा फेयिआसे येथे पराभव केला, आणि तो भाड्याचा हक्क असांतेंकडे आला. बंदुका, दारूगोळा, आपल्या गुजरातेतले आणि कोरोमंडलचे सुती कापड हे सारे या दारातून आत जाई आणि सोने व युद्धकैदी बाहेर पडत.

असांतेंच्या राजधानीत, कुमासीला, पोहोचल्यावर हे राज्य किती हिशेबी होते ते उमगले. सोन्याची भुकटी तोलण्याची पितळी वजने तिथे पाहिली : मासे, पक्षी, एकाच पोटाच्या दोन मगरी. प्रत्येक आकृती मेणाच्या नमुन्यावरून स्वतंत्र ओतलेली, बोटभर लांब आणि मगरीच्या पाठीवरचे खवलेही मोजून घ्यावेत इतकी सुबक. बाकी कुमासीतले दिवस बाजारात आणि पावसात गेले.

डचांनी 1872 मध्ये एल्मिना इंग्रजांच्या हवाली केले, तेव्हा असांतेंच्या हक्काला कोणी दाद दिली नाही आणि असांते सैन्य किनाऱ्याकडे निघाले. 1873 च्या जूनमध्ये इंग्रजांनी किल्ल्यालगतच्या गावावर तोफा डागून ते उद्ध्वस्त केले, आणि पुढच्याच वर्षी कुमासी जाळले. तटाबाहेर मार्गदर्शकाने मला दाखवली ती मोकळी जमीन त्याच गावाची होती. बहुतेक प्रवासी तिच्याकडे पाठ करून आत जातात. माझ्या मते आधी तिथे उभे राहावे आणि मगच तिकीट काढावे.