पक्ष्यांचे आवाज शिकायचे तर नागपूरचा उन्हाळाच बरा

आपल्याकडे बर्डिंग म्हटलं की लोकांना हिवाळा आठवतो, दुर्बीण गळ्यात घालून अंबाझरी नाहीतर गोरेवाडा तलाव. बदकांसाठी ते बरोबरच आहे. पण कानाने पक्षी ओळखायचे असतील तर सुरुवात एप्रिल-मे मध्येच करा, ऊन तापायच्या आत, पहाटे पहाटे. थंडीतले पाहुणे इथे फारसे गातच नाहीत, वटवट्यांसारखे छोटे पक्षी नुसतं बारीक चिक करतात आणि त्यावरून ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. उन्हाळ्यात मात्र इथलेच पक्षी जोडीदारासाठी, हद्दीसाठी तेच ते ओरडून राहिले असतात, मग कान आपोआप तयार होतो.

सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर गेलात की आधी तांबट पक्ष्याचा आवाज पकडा. चिमणीपेक्षा किंचित मोठा, पण टुक टुक टुक पार रस्त्यापलीकडे ऐकू येतं. दिसला तर नीट बघा, चोच बंद असते आणि प्रत्येक टुकला गळा फुगतो, शिवाय डोकं इकडेतिकडे वळवत राहतो म्हणून आवाज नेमका कुठून येतोय तेच कळत नाही. त्याचाच मोठा भाऊ कुटुरगा, तो आधी कुर्रर्र करतो आणि मग कुटूर-कुटूर सुरू.

खरी गडबड होते कोकीळ आणि पावशात. दोघंही चढत जातात. पण कोकीळचं कुऊ दोन तुकड्यांचं, पावशाचं पेरते व्हा तीन तुकड्यांचं, दरवेळी आणखी वर आणि टोकाला गेलं की एकदम बंद, थोड्या वेळाने परत खालून. रात्री पण. पावशा अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, त्यामुळे सातभाईंचा थवा जिथे कलकलाट करतो तिथे कान द्याच.

पक्षी ओळखायच्या मर्लिन अॅपमध्ये २०२१ पासून आवाज ओळखायची सोय आहे, जरूर वापरा, पण आधी स्वतः मोजा, किती तुकडे, वर जातो की खाली, मध्ये किती थांबतो, आणि मगच फोन काढा, नाहीतर कान शिकतच नाही. शिक्रा हा शिकारी पक्षी ऐकू आला तरी झाडावर एकदा नजर टाका, कोतवाल पक्षी त्याची हुबेहूब नक्कल करतो.

पाऊस जवळ आला की नवरंग पक्षी येतो. झाडोऱ्यात असतो, सहज दिसत नाही, फक्त पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची शिट्टी. तोवर हे चार आवाज पक्के झाले असतील तर ती शिट्टी गर्दीतूनही वेगळी ऐकू येते.