तुम्ही विचारलंत म्हणून: घडी न मोडलेलं घर

"चॅट्सवर्थसारखा आलिशान वाडा एवढा जवळ असताना त्या पोपडे आलेल्या घरात कशाला नेता?" डर्बीला आमच्याकडे येणारे पाहुणे हमखास विचारतात.

ते घर म्हणजे कॉक ॲबी, एका जमीनदार घराण्याचा जुना वाडा. (इंग्रजीत लिहिताना मधे 'ल' येतो, बोलताना नाही.) हार्पर घराण्याने ही जागा 1622 मध्ये घेतली, आजची इमारत 1701 ते 1704 मधली. पुढे हार्पर-क्रू झालेल्या या घराण्याला फारसं कुणात मिसळणं आवडायचं नाही, आणि कुठलीही वस्तू टाकवत नसे. त्यांच्यातले सर व्हॉन्सी पेंढा भरलेल्या पक्ष्यांत रमलेले. 1924 मध्ये वारेपर्यंत त्यांनी आवारात मोटार येऊ दिली नाही. घरातल्या घरात मुलींना निरोप द्यायचा तोही चिठ्ठीने, नोकराच्या हाती. वीज आली थेट 1962 मध्ये. खोली सामानाने भरली की दार लावून घ्यायचं, बस.

1981 मध्ये चार्ल्स हार्पर-क्रू गेले आणि वारसा कर निघाला सुमारे 80 लाख पौंड. 1985 मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, आलं. ट्रस्टने छप्पर दुरुस्त केलं, पडझड थांबवली, पण भिंतींना नवा रंग लावला नाही. फाटका वॉलपेपर, रचलेल्या खुर्च्या, सगळं सापडलं तसंच. मला हे फार मोलाचं वाटतं. चॅट्सवर्थ टिकलं, नांदतंय, त्याचा आनंदच आहे. पण विसाव्या शतकात इंग्लंडमधली अशी शेकडो घरं पाडली गेली. ती आतून कशी थकत गेली असतील, ते इथे दिसतं.

आणि तो पलंग! 1734 च्या सुमाराला हार्पर घराण्यातल्या लग्नात राजघराण्याकडून आला असं मानतात. त्याचे चिनी रेशमी पडदे पेटीतच राहिले, त्यामुळे उजेड न लागता निळा रंग आजही ताजा आहे. भरतकामात सोन्याची जर, आणि झाडांच्या खोडावरच्या गाठी चक्क मोरपिसं पिळून केलेल्या. आता तो मंद उजेडात, काचेआड उभा आहे.

गेल्या उन्हाळ्यात मावशीला नेलं होतं. जिने चढून दमलेली, तरी काचेला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अगं, घडीच मोडली नाही की कुणी!"