नुसतं 'सर' चालेल का?

'आदरणीय' टाइप केलं, खोडलं. 'माननीय' केलं, तेही खोडलं. नुसतं 'सर' उद्धट तर नाही ना वाटणार? मेल चार ओळींचा आणि मायन्यातच वीस मिनिटं गेली.

तेव्हा स्पेनचा राजा दुसरा फिलिप आठवला. पत्रांतल्या बिरुदांचा इतका सुळसुळाट झाला होता की १५८६ साली त्याने त्यावर चक्क फर्मान काढलं. सुरुवात स्वतःपासून! राजाला पत्र लिहिताना वर फक्त 'सेन्योर', म्हणजे आपलं 'सर'च, आणि शेवटी 'देव महाराजांचं रक्षण करो' एवढंच. बाकी विशेषणं बंद.

मेक्सिकोपासून फिलिपिन्सपर्यंत ज्याचा अंमल, तो माणूस कागदावर कुणाला काय म्हणायचं यात डोकं घालत होता. अर्थात तो होताच तसा, दिवसभर कागद वाचून समासात शेरे मारणारा.

पण त्याचं दुखणं मला कळतं. आपल्याकडेही 'सा. न. वि. वि.' लिहायचं की 'शि. सा. न.' यावरून नातं मोजलं जायचंच की.

शेवटी 'सर' लिहून मेल पाठवून दिला.

उत्तर आलं: 'ओके.'

मायना नाही, सही नाही. यावर फिलिप काय म्हणाला असता?