पाच मासे हवा

फुटबॉलचा हंगाम आला की आमच्या पेठेत पंक्चरवाल्याचा भाव वधारतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर सामने लागतात आणि इकडं गल्लीतल्या पोरांच्या अंगात येतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, ज्याची जी तालीम तिचा झेंडा त्याच्या हातात, आणि रिक्षा आली की दोन दगडांचा गोल बाजूला सरकवून परत मांडायचा. लाल मातीतल्या तालमी फुटबॉलवर कशा गेल्या, हा तासभर बोलायचा विषय आहे. तो पुन्हा कधीतरी. आज बोलायचंय ते फुटबॉलच्या पोटातल्या मालाबद्दल.

हवेला वजन असतं हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. परीक्षेत लिहायचं, मार्क घ्यायचे आणि मनातून मात्र ‘हवेला कसलं वजन’ हेच धरून चालायचं. पुतण्याची सध्या तीच अवस्था आहे. शाळेत दाखवतात तो प्रयोग त्यानं पाहिलेला होता: पट्टीच्या मधोमध दोरा, दोन टोकांना दोन फुगे, पट्टी आडवी झाली की एक फुगा टाचणीनं फोडायचा, पट्टी दुसऱ्या बाजूला झुकते. मला स्वतःला हा प्रयोग कधीच पटलेला नाही. फुगा फट्‌कन फुटतो, रबराची एखादी चिंधी उडून जाते, आणि मग हलकं झालं ते रबर की हवा, असं कुणी विचारलं तर गुरुजींची पंचाईत. फोडायच्या जागी चिकटपट्टी लावली तर फुगा न फुटता हळूहळू बसतो, तेवढा उपाय आहे. पण मुळात फुग्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम दोन-तीन टक्के जास्त चेपलेली. मोठ्यात मोठा फुगा घेतला तरी फरक अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर. एवढ्या फरकावर कोल्हापुरी पोरगं विश्वास ठेवत नसतं.

म्हणून फुटबॉल. आणि वहिनींचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, जो त्यांनी केकसाठी घेतला आणि ज्यावर आता चिवड्याच्या पोह्यांपासून सगळं मोजलं जातं.

काट्यावर फुटबॉल ठेवला की तो घरंगळतो. आज्जीनं बसल्या जागेवरून सांगितलं, ‘‘चुंबळ करा की रं.’’ जुन्या फडक्याची चुंबळ काट्यावर ठेवली, बटण दाबून आकडा शून्यावर आणला. फुटबॉल कोपऱ्यात पडून पार बसलेला होता, एका बाजूनं खोलगट, परडीसारखा. तसाच ठेवला: ४२१ ग्रॅम. मग पुतण्यानं पिन जिभेवर ओली केली (हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, मैदानावरची सगळी पोरं करतात, कोरडी पिन वॉल्व्ह फाडते) आणि पंप मारायला लागला. खळगा भरत आला, टप्प्‌ असा आवाज होऊन बॉल गोल झाला. अजून मऊच होता, अंगठा सहज रुतत होता. काट्यावर ठेवला: ४२१.

‘‘काका, काय नाही त्यात. हवेला वजनच नाही.’’

पुढं मार म्हटलं. आता पंप जड जायला लागला, नळीचं खालचं टोक हाताला गरम लागायला लागलं, बॉल टणक झाला, टिचकी मारली की वाजू लागला. चुंबळीवर ठेवला. आकडा थोडा नाचला आणि ४२६ वर थांबला.

वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, काट्याचा सेल उतरला असंल.’’ वॉल्व्हमध्ये पिन घालून हवा सोडली, फुस्स करून बॉल मऊ पडला, काटा परत ४२१ वर. सेल ठीक होता.

पाच ग्रॅम आले म्हणून पोरगं खूश. मला मात्र त्याआधीचे न आलेले ग्रॅम जास्त मोलाचे वाटतात. फुटबॉलच्या पोटात साडेपाच लिटरच्या आसपास जागा असते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, त्यात उन्हाळा. इथली लिटरभर हवा १.१ ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे बॉल नुसता गोल झाला तेव्हाच त्यात सहा ग्रॅम हवा गेलेली होती. काट्यानं तिची दखलच घेतली नाही. आणि नंतर दाबून भरलेली पाच ग्रॅम मात्र चोख दाखवली. काटा एकाला एक आणि दुसऱ्याला एक असा न्याय का करतो?

हे आज्जीला विचारावं. तिनं माहेरी विहिरीवरून पाणी भरलंय. घागर पाण्यात बुडलेली असते तोवर दोर सैल, भरली तरी हाताला काही लागत नाही. पाण्याच्या वर आली की खांदे उतरतात. आतलं पाणी वजनदारच असतं, पण भोवतालचं पाणी त्याला तोलून धरतं. आपण हवेच्या विहिरीत हवा मोजायला बसलेलो. बॉल फुगून गोल झाला तेव्हा आत जितकी हवा गेली, तितकीच बाहेरची हवा त्यानं बाजूला सारली, आणि तिनं तो बरोबर तेवढाच उचलून धरला. जमाखर्च शून्य. पुढं मात्र बॉल फारसा मोठा होत नाही, हवा मात्र आत जात राहते. ती वाढीव हवा कुणी तोलायची? काट्यानंच.

या पायी मोठमोठ्या माणसांचे घोळ झालेत. ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं की कातड्याची पिशवी फुगवली की ती रिकामीपेक्षा जड भरते. पुढच्यांनी करून पाहिलं, तर कुणाला ती हलकी लागली, कुणाला होती तेवढीच. सैल फुगवलं की वजन तेवढंच येणार, आणि गच्च फुगवलं तर किंचित जास्त. तेव्हाच्या तराजूंना ते कळणं अवघड. गॅलिलिओनं ही मेख ओळखली. त्यानं काचेच्या भांड्यात पिचकारीनं जादा हवा कोंबली, दुसऱ्या पारड्यात बारीक वाळू घालून तराजू तोलला, मग हवा सोडून दिली आणि पारडी पुन्हा समान होईपर्यंत वाळू काढत गेला. काढलेली वाळू म्हणजे कोंबलेल्या हवेचं वजन. १६३८ साली छापलेल्या पुस्तकात त्यानं हवा पाण्याच्या ४०० पट हलकी असल्याचं दिलं. खरा आकडा ८०० च्या आसपास. म्हणजे उत्तर दुपटीनं चुकलं, पण वाळूच्या कणांवर काम करणाऱ्या माणसाला एवढं माफ आहे. १६४३ मध्ये त्याच्याच शिष्यानं, टॉरिचेलीनं, पाऱ्याची नळी उलटी करून दाखवली आणि आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो हे पुढच्याच वर्षी पत्रात लिहिलं.

पाच ग्रॅम म्हणजे किती, हे कोल्हापुरात समजावायला सराफांच्या गुजरीसारखी जागा नाही. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा तोळा. मासा एका ग्रॅमला जरासा कमीच. म्हणजे आमच्या बॉलमध्ये वरून भरलेली हवा पाच मासे झाली. एवढं सोनं असतं तर वहिनींनी सेलवर शंका घेतली नसती. सराफाच्या काट्याला काचेची पेटी असते, दागिना ठेवून झडप लावली की मगच आकडा वाचायचा, कारण पंख्याचा वारासुद्धा आकडा हलवतो. नुसत्या वाऱ्याला एवढं भ्यायचं आणि हवेला वजन नाही म्हणायचं!

सामन्याचा नियमही बघण्यासारखा आहे. सुरुवातीला बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा लागतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.६ ते १.१ वातावरणांनी जास्त (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीला असतो तेवढा हवेचा दाब). दाबाच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जायचं तर तीनेक ग्रॅम हवा लागते. पंचानं अंगठ्यानं चेपून ‘अजून दोन पंप मार’ म्हटलं की तो वजनच वाढवत असतो.

पावसाळ्यात पंचगंगा भरून वाहते, कपडे वाळत नाहीत, तेव्हा ‘हवा कशी जड झालीय’ असं घरोघरी ऐकू येतं. प्रत्यक्षात वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यामुळं दमट हवा वजनाला किंचित कमीच भरते. जड होतो तो आपला जीव.

पुतण्याला आता मोजायचा नाद लागलाय. दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंच, तिच्यातली हवा किती? हिशेब केला तर सदतीस किलोच्या आसपास. तो स्वतः तेवढाच आहे. त्यानं मला लगेच कोडं घातलं, किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड? मी म्हटलं, काट्यावर दोन्ही सारखेच. पण कापसाचे धागे जास्त जागा घेतात, म्हणून हवा कापसाला जास्त उचलून धरते, आणि तरीही काटा किलो दाखवतो, म्हणजे कापूस खरा अर्ध्या ग्रॅमनं जास्तच घातलेला असतो.

आज्जी वाती वळत होती. ‘‘म्हंजे कापूस घेताना फायदा गिऱ्हाइकाचाच की.’’

‘‘हो, किलोमागं अर्धा ग्रॅम.’’

‘‘मी पावशेर घेते,’’ ती म्हणाली, ‘‘आणि त्यो त्यात सरकी घालतो.’’